फावल्या वेळाची मजुरी

‘घरबसल्या काम’ हे शब्द आपण सगळ्याजणींनी वापरायचे बंद केले पाहिजेत, अशा मताला मी आले आहे. मरोळ नाक्यापासून मरोळ-मरोशी रस्त्यापर्यंत विजेच्या खांबांवर, रिक्षांच्या मागे, सार्वजनिक संडासांच्या भिंतींवर ते चिकटवलेले असतात. ‘गृहिणींसाठी घरबसल्या कमाई.’ ‘फावल्या वेळात पैसे मिळवा.’ एवढ्याशा वाक्यात तीन गोष्टी खोट्या आहेत. जिला हे काम मिळतं ती बसलेली नसते. तिच्याकडे फावला वेळ नसतो. आणि तिला जे मिळतं त्याला कमाई म्हणायला जीभ रेटत नाही.

गेली नऊ वर्षं मी मरोळच्या वस्त्यांमध्ये काम करते. इथल्या घराघरांतून ज्या वस्तू तयार होऊन बाहेर पडतात त्यांची यादी केली तर पान भरेल: राख्या, इमिटेशनचे दागिने, कपड्यांना लावायचे मणी-टिकल्या, मिठाईचे खोके. पण मला इथे एकाच वस्तूबद्दल लिहायचं आहे, कारण ती इतकी क्षुल्लक दिसते की तिच्यामागे मजूर असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. ती म्हणजे साटीनच्या रिबिनीचं फूल. व्यापारी त्याला ‘बो’ म्हणतात. लहान मुलींच्या फ्रॉकवर, हेअरबँडवर, केसांच्या क्लिपवर, बायकांच्या आतल्या कपड्यांवर, दिवाळीच्या भेटखोक्यांवर, लग्नाच्या पत्रिकेवर ते असतं. आपण ते बघतो, आवडलं तर हात लावून बघतो, आणि खोका उघडताना काढून टाकतो.

ते होतं कसं, हे आधी सांगते. माल देणारी बाई रिबिनीचे रोल आणून टाकते. पुठ्ठ्याच्या मापाने रिबिनीचे तुकडे कापायचे. साटीनचे धागे सुटतात, म्हणून प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकं मेणबत्तीच्या ज्योतीवरून फिरवायची. हात क्षणभर जास्त थांबला तर टोक काळं पडतं आणि तो नग बाद होतो. मग फळीवर ठोकलेल्या दोन खिळ्यांभोवती रिबीन फिरवायची, मध्ये दोऱ्याने आवळायची, पाकळ्या सारख्या ओढायच्या, गाठीवर छोटी पट्टी चिकटवायची. बारा फुलांचा डझन, बारा डझनांचा ग्रोस. म्हणजे १४४ फुलं मोजून पिशवीत भरली की एक ग्रोस झाला. दर ठरतो तो ग्रोसवर. दर ठरवतो शेठ, तो सांगते माल देणारी, आणि बांधणारीच्या वाट्याला फक्त ‘बरं’ म्हणणं येतं.

वस्तीतली एक बाई मला म्हणाली, ‘काम क्या दीदी, टाइमपास है.’ मी तिचा आदला दिवस तिच्याकडूनच तासातासाने काढून घेतला. पहाटे पाण्याची वेळ, मग डबे, मुलांची शाळा, धुणं. अकरा ते एक फुलं. मग जेवण, मुलाला शाळेतून आणणं. तीन ते सहा फुलं. स्वयंपाक. रात्री नवरा आणि मुलं झोपल्यावर दिव्याखाली पुन्हा बारापर्यंत फुलं. बेरीज केली तर सात तासांच्या वर भरली. कारखान्यातल्या पाळीहून जेमतेम एका तासाने कमी. फरक इतकाच, की पाळी संपल्यावर भोंगा होतो. हिला भोंगा नाही.

मग ती टाइमपास का म्हणते? असं म्हटल्याशिवाय तिला हे काम करता येत नाही, म्हणून. नवऱ्याने कामाला परवानगी दिली ती ‘घर सांभाळून’ या अटीवर. सासूने दिली ती ‘बाहेर जायचं नाही’ या अटीवर. शेठला ती गृहिणी म्हणून स्वस्त पडते, आणि घराला ती गृहिणी राहावीशी वाटते. दोघांच्या सोयीचं असं हे एकच नाव तिच्या अंगाला चिकटलं आहे, आणि आता तिलाही ते आपलंच वाटतं. मारिया मीस यांनी आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांचा अभ्यास १९८२ साली पुस्तकरूपाने मांडला, तेव्हा नेमकं हेच दाखवलं होतं. जगाच्या बाजारात जाणारी लेस विणणाऱ्या बायकांना ‘घरात रिकाम्या बसलेल्या बायका’ म्हटलं गेलं, म्हणून त्यांच्या श्रमाचा भाव पाडता आला. नरसापूर ते मरोळ हे अंतर फार नाही.

हिशेब मांडू या

आमच्या मंडळातल्या काही जणींनी घड्याळ लावून बघितलं. हात बसलेल्या बाईला कापणं, जाळणं, बांधणं धरून एका फुलाला पाऊण मिनिट लागतं. म्हणजे तासाला ८० फुलं, आणि ग्रोसला १ तास ४८ मिनिटं. रोल सोडवणं, मोजणं, पिशव्या भरणं, माल आणायला आणि द्यायला जाणं यात धरलेलं नाही.

आता किमान वेतनाचं बघा. केंद्रीय श्रम मंत्रालयाने नेमलेल्या अनुप सत्पथी समितीने २०१९ मध्ये देशभरासाठी दिवसाला किमान ३७५ रुपये वेतन असावं अशी शिफारस केली. तो हिशेब २०१८ च्या किमतींवरचा, आणि मुंबईसाठी खास वाढवलेलाही नव्हे. तरी तोच धरू. आठ तासांना ३७५ म्हणजे तासाला जवळपास ४७ रुपये. या दराने एका ग्रोसची मजुरी होते सुमारे ८४ रुपये. मी हा आकडा सांगितला तेव्हा बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांना जे मिळतं ते याच्या चौथ्या हिश्शालाही पोचत नाही.

आणि हे मिळतं तेही सगळं हातात येत नाही. मेणबत्ती तिची, दोरा-कात्री तिची, चिकटवायच्या बंदुकीची वीज तिची. ज्या दहा बाय बाराच्या खोलीत माल पसरला आहे तिचं भाडं तिचं. पावसाळ्यात पाणी शिरून रिबीन भिजली तर नुकसान तिचं. काळे पडलेले नग कापून घेतले जातात, आणि कापलेले नग परतही मिळत नाहीत. कारखानदाराला जागा, वीज, पंखा, संडास, पाळणाघर, देखरेखीचा माणूस हे सगळं करावं लागलं असतं. तो सारा खर्च या बाईने आपल्या डोक्यावर घेतला आहे. अंगठ्याचं नख झिजलं, मान आखडली, रात्रीच्या दिव्यात डोळे गेले, तर दवाखाना तिचा. याला आपण ‘पूरक उत्पन्न’ म्हणतो. मला विचाराल तर इथे बाईच शेठला पूरक उत्पन्न देते आहे.

हा कावा जुना आहे. १९०८ ते १९१२ या काळात लुईस हाइन या छायाचित्रकाराने न्यूयॉर्कच्या चाळवजा इमारतींत कृत्रिम फुलं करणाऱ्या आया आणि त्यांची मुलं टिपली. टेबलाभोवती सगळं कुटुंब, मध्ये पाकळ्यांचा ढीग. ती छायाचित्रं आज पाहिली तर कपडे सोडून सगळं ओळखीचं वाटतं. लंडनमध्ये १९०६ साली अशा घरच्या कामांचं प्रदर्शन भरवलं गेलं. त्यात वस्तूबरोबर ती करणारीला काय मिळतं, किती तास लागतात, हेही लोकांपुढे ठेवलं. त्या दबावातून १९०९ मध्ये तिथे चार धंद्यांसाठी वेतन मंडळांचा कायदा झाला. त्यात लेसची शेवटची सफाई होती, कागदी खोके होते, आणि परसातल्या भट्टीवर साखळ्या घडवण्याचं कामही होतं. साखळीचा दर ठरला तरी मालक देईनात, तेव्हा १९१० मध्ये क्रॅडली हीथच्या बायका मेरी मॅकार्थर यांच्या नेतृत्वाखाली दहा आठवडे अडून बसल्या आणि जिंकल्या. घरी काम करणाऱ्या बायका संघटित होत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा इतिहास वाचावा.

कायद्याने काय दिलं, काय नेलं

आपल्याकडे १९४८ च्या किमान वेतन कायद्यात एक शब्द होता, ‘आउट-वर्कर’. ज्या व्यक्तीला दुसऱ्याने माल देऊन तो तिच्या घरी शिवायला, सजवायला, पूर्ण करायला दिला आहे, ती व्यक्तीही कर्मचारीच, असं त्या व्याख्येत स्पष्ट लिहिलेलं होतं. स्वातंत्र्यानंतर वर्षभरातच या देशाने घरात काम करणाऱ्या बाईला कर्मचारी मानलं होतं! उणीव अशी, की कायदा लागू व्हायचा तो अनुसूचीत नाव असलेल्या धंद्यांनाच. ज्या धंद्याचं अनुसूचीत नाव नाही, त्यातली बाई व्याख्येत बसूनही वेतनाबाहेर राहायची.

२०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने अनुसूची काढून टाकली आणि किमान वेतन सगळ्या रोजगारांना लागू केलं. याचं स्वागतच करायला हवं. पण कर्मचाऱ्याच्या नव्या व्याख्येत आउट-वर्कर हा शब्द नाही. दार मोठं केलं आणि उंबरठ्याबाहेर बसलेल्या बाईचं नाव यादीतून पुसलं, असा हा प्रकार आहे. ती गेली कुठे? ती सापडते २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत. तिथे घरून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आहे, पण असंघटितांसाठीच्या कल्याणकारी योजनांपुरती. म्हणजे सरकारने तिला कल्याणाच्या रांगेत उभं केलं आणि वेतनाच्या रांगेतून बाहेर काढलं.

माझा आक्षेप इथे आहे, आणि तो एका कलमापुरता नाही. या राज्यात बाईला मदत द्यायला सगळे तयार असतात, मजुरी द्यायला कुणी तयार नसतं. २०२४ मध्ये ‘माझी लाडकी बहीण’ योजना आली, महिन्याला १५०० रुपये खात्यात जमा होऊ लागले. आमच्या वस्तीतल्या बायकांना त्या पैशांचा आधार झाला, आणि ते घेऊ नका असं मी कुणालाही सांगणार नाही. पण भावाने बहिणीला ओवाळणी घालणं वेगळं, आणि कामगाराला त्याचं वेतन मिळवून देणं वेगळं. ओवाळणी भावाच्या मर्जीवर असते, कमी करता येते, बंद करता येते, मतांच्या हिशेबात धरता येते. वेतन हा हक्क असतो. जी बाई राखीच्या हंगामाआधी महिनोन्‌महिने मातीमोल दराने राख्या आणि रिबिनीची फुलं बांधते, तिला श्रावणात बहीण म्हणून हाक मारायची आणि वर्षभर कामगार म्हणायचं नाही, ही चलाखी आपण ओळखायला हवी.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी केल्या जाणाऱ्या कामाबद्दलचा करार क्रमांक १७७ जून १९९६ मध्ये मंजूर केला. त्यामागे इला भट्ट आणि ‘सेवा’ने लावलेली ताकद आपल्याला माहीत आहे. घरी काम करणाऱ्यांना संघटना करण्याचा हक्क, मोबदला, आरोग्य, सामाजिक सुरक्षा, प्रसूतीचं संरक्षण या बाबतींत इतर मजुरांच्या बरोबरीने वागवावं, असं तो सांगतो. सोबतच्या शिफारशीत वीज-पाण्याचा खर्च आणि माल सोडवणं, निवडणं, बांधणं यात गेलेला वेळ भरून द्यावा, असंही आहे. म्हणजे मघाशी मी जो खर्च मोजला तो माझ्या मनचा नाही, जगाने मान्य केलेला आहे. भारताने या कराराला अजून मान्यता दिलेली नाही. आणि २०१७-१८ च्या पाहणीवरून काढलेल्या अंदाजाप्रमाणे आपल्या देशात घरून काम करणारे चार कोटींहून जास्त आहेत.

आपल्या घरातली गोष्ट

आता थोडं आपल्या संस्थांबद्दल. हे कडू वाटेल, पण याच पानांवर बोलायचं नाही तर कुठे?

एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात आम्हाला ‘उत्पन्नवाढीचे कार्यक्रम’ शिकवले गेले. आजही संस्थांच्या अहवालांत ‘अमुक महिलांना रिबिनीची फुलं, गिफ्ट पॅकिंग, राखी यांचं प्रशिक्षण’ अशी ओळ असते, आणि तिच्यापुढे ‘सक्षमीकरण’ हा शब्द. प्रशिक्षण कशाचं? आधीच स्वस्त असलेल्या बाजारात आणखी चाळीस हात आणून सोडण्याचं. चाळीस बायका फुलं बांधायला शिकल्या की ग्रोसचा दर वाढत नाही, उतरतो. शिकवण्याचा खर्च संस्थेचा, देणगी देणाऱ्या कंपनीचं नाव उजळ, आणि तयार कामगार शेठला फुकट. ज्या प्रशिक्षणात दर कसा काढायचा, मालाची नोंद वहीत कशी ठेवायची, बाद नगांबद्दल कसं भांडायचं हे शिकवलं जात नाही, ते कुणाचं सक्षमीकरण करतं?

बचत गटांचंही तेच. गटाने स्वतःचा माल घेऊन स्वतः विकला तर गोष्ट निराळी. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी सुरू केलेल्या लिज्जत पापडमध्येही बायका घरीच पापड लाटतात, पण तिथे लाटणारी सभासद आहे, नफ्यात तिचा वाटा आहे. प्रश्न काम घरात होतं की बाहेर, हा नाहीच. दर कोण ठरवतो आणि हिशेब कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न आहे.

मरोळच्या मासळी बाजारात कोळिणी बसतात. त्या भाव सांगतात, गिऱ्हाइकाशी भांडतात, जागेसाठी महापालिकेशी भांडतात. त्या फावल्या वेळात मासे विकतात असं म्हणायची कुणाची टाप आहे? त्या धंदा करतात, हे त्यांना माहीत आहे आणि जगालाही. फुलं बांधणारीला एकमेकींचा दरसुद्धा माहीत नसतो. एकाच गल्लीत, समोरासमोरच्या दारांत, एकाच मालाचे दोन दर मी पाहिले आहेत. भिंती कारखान्याला असतात तशा इथेही आहेत, फक्त त्या कामगारांच्या मधोमध आहेत.

‘काम दुसरीकडे जाईल’

दराचा विषय काढला की बायकाच आधी म्हणतात, ‘ताई, आमचं काम बंद करू नका.’ ही भीती खोटी नाही. मरोळने दर मागितला तर रोल साकीनाक्याला जाईल, साकीनाक्याने मागितला तर आणखी पुढे. माल देणारी बाईही याच वस्तीतली असते, मधले पैसे तिचेही थोडेच असतात, आणि शेठ कुठे बसतो ते पुष्कळदा तिलाही ठाऊक नसतं. म्हणून एका गल्लीने भांडून हा प्रश्न सुटणार नाही, हे मलाही मान्य आहे. पण त्यावरून भांडूच नये असं ठरत नाही. भांडण गल्लीपुरतं ठेवू नये, एवढंच ठरतं.

आपल्याच राज्यात उदाहरणं आहेत. विडी घरी वळली जाते. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी वळणारीलाही कामगार मानलं. मालक न्यायालयात गेले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला आणि १९८५ मध्ये घरी विडी वळणाऱ्यांनाही भविष्यनिर्वाह निधी लागू होतो असं सांगितलं. मालकांनी पळवाटा काढल्या, तंबाखू ‘विकला’ आणि विड्या ‘विकत घेतल्या’ असं कागदावर दाखवलं. तरीही सोलापूरच्या विडी कामगार बायकांनी संघटनेच्या बळावर कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी करून घेतली. हजार विड्यांमागे मजुरी किती, हे सरकार ठरवतं. मग ग्रोस फुलांमागे का ठरवू नये?

दुसरं उदाहरण माथाडींचं. आज या मालकाकडे, उद्या त्या, असं काम करणाऱ्या हमालांचा मालक कोण, हाच प्रश्न होता. १९६९ च्या कायद्याने त्रिपक्षीय मंडळं केली. मालकाने तिथे नोंदणी करायची, पैसे मंडळात भरायचे, कामगाराला मंडळातून मिळायचे. ओझं वाहणाऱ्या पुरुषांसाठी महाराष्ट्र हे करू शकला. रिबीन हलकी असते, म्हणून ती बांधणारीचे श्रम हलके ठरत नाहीत.

आणखी एक गोष्ट मुलींची. शाळेतून आलेली मुलगी दप्तर ठेवते आणि आईच्या शेजारी बसून टोकं जाळू लागते. मुलगा खेळायला जातो. २०१६ च्या दुरुस्तीने मुलांना शाळेनंतर ‘कौटुंबिक उद्योगात’ मदत करायची मुभा दिली आहे. पण हा उद्योग कुटुंबाचा कुठे आहे? माल शेठचा, दर शेठचा, नफा शेठचा. कुटुंबाचं आहे ते फक्त बोट भाजणं. आईला पुरेसा दर मिळाला तर मुलीचे हात लागणार नाहीत. बालमजुरीवर पोस्टर लावणाऱ्यांनी हा साधा हिशेब लक्षात घ्यावा.

मग आपण काय करायचं? माझ्या मते चार गोष्टी, आणि त्या आत्ताच.

एक, आपल्या प्रत्येक गटाने आपल्या भागात एका वस्तूचा हिशेब काढावा. घड्याळ लावावं, नग मोजावेत, दर लिहावा, घरून झालेला खर्च लिहावा, आणि तो वस्तीत मोठ्या अक्षरांत लावावा. समोरासमोरच्या दारांतले दोन दर एकमेकींना कळले तरी निम्मी भिंत पडते.

दोन, माल दिल्याघेतल्याची वही प्रत्येकीकडे हवी. तारीख, नग, दर, कापलेले नग, मिळालेले पैसे. उद्या कुठल्याही कार्यालयात उभं राहायचं तर हाच पुरावा.

तीन, वेतन संहितेतल्या कर्मचाऱ्याच्या व्याख्येत एक वाट उरली आहे. सरकार ज्यांना कर्मचारी म्हणून जाहीर करील तेही कर्मचारी, असं तिथे लिहिलं आहे. महाराष्ट्र सरकारने घरून मजुरी करणाऱ्यांना कर्मचारी म्हणून जाहीर करावं आणि नगावर मजुरी ठरवावी, ही एकच मागणी मुंबई, सोलापूर, मालेगाव, नागपूर इथल्या सगळ्या गटांनी एकत्र लावून धरावी. माथाडींसारखं त्रिपक्षीय मंडळ ही त्याच्या पुढची पायरी.

चार, ज्या प्रशिक्षणात दराचा हिशेब नाही ते प्रशिक्षण आपण घेऊ नये, देऊही नये. देणगी कितीही मोठी असली तरी.

आणि जनगणनेवाला किंवा पाहणीवाला दाराशी येऊन ‘बाई काय करतात?’ असं विचारेल, तेव्हा आतून नवऱ्याने ‘काही नाही, घरीच असते’ असं सांगण्याआधी तिने स्वतः पुढे होऊन सांगावं: ‘मी मजुरी करते. रिबिनीची फुलं बांधते. रोज सात तास.’ हे वाक्य तिच्या तोंडी बसवणं, हे पुढच्या तीन महिन्यांतलं आपलं काम.